हवाई अंतर

मराठी माणूस अंतर मैलांत सांगत नाही, किलोमीटरमध्ये तर नाहीच नाही. तो ते वेळेत सांगतो, आणि वेळही आपल्या सोयीची सांगतो. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही जाहिरात वाचून ज्यांनी ज्यांनी ब्लॉक घेतला, त्यांना ती पाच मिनिटं नेमकी कोणाची हे पागडी भरून झाल्यावर कळलं. खेड्यात तर वेळेचाही त्रास घेत नाहीत. 'हे काय, त्या टेकाडाच्या पल्याड' एवढ्यावर काम भागतं. टेकाड कोणतं, आणि त्याच्या पल्याड आणखी किती टेकाडं आहेत, हे विचारायची पद्धत नाही. सांगणारा काही खोटं बोलत नसतो. त्याला ते जवळच असतं. लांब असतं ते विचारणाऱ्याला.

पूर्वी निदान कोस होता. चार कोसांचं एक योजन, असा हिशेब आजोबा सांगायचे. पण कोस म्हणजे किती, याला मात्र ज्याचे पाय त्याचं उत्तर. जेवून निघालेल्याचा कोस लांब, आणि उपाशी घराकडे निघालेल्याचा आखूड. मुलीच्या सासरचा कोस आईला कधीच सरत नाही आणि व्याह्यांना तो हां हां म्हणता संपवता येतो. अशा मापावर आपण साम्राज्यं उभी केली, अटकेपर्यंत गेलो आणि परतही आलो, हे लक्षात घेतलं म्हणजे मेट्रिक पद्धतीविषयी फार आदर बाळगण्याचं कारण उरत नाही.

आता घराघरात विमान शिरल्यापासून मात्र हिशेब एकदम काटेकोर झाला आहे. ज्या मावशींना दादरला उतरल्यावर पूर्व कुठली नि पश्चिम कुठली हे अजून उमगलेलं नाही, त्या भाजी निवडता निवडता सांगतात, "जाताना सोळा तास, येताना मात्र दीड-दोन तास कमी. वारा पाठीमागून असतो ना!" आणि हे अगदी बरोबर असतं. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो, तो अमेरिकेहून येणाऱ्या विमानाला ढकलतो आणि जाणाऱ्याला अडवतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर दोन्हीकडून तेवढंच, पण वेळ वेगळा. म्हणजे हवेतसुद्धा जाण्याचा कोस वेगळा आणि घरी येण्याचा वेगळा. आजोबांचं काही चुकलेलं नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण भीमाशंकर. मुंबईच्या विमानतळापासून भीमाशंकर हवेतून सरळ रेघ मारली तर सत्तर किलोमीटर भरतं. जेट विमानाला हे पाच-सहा मिनिटांचं काम. मोटारीनं जायचं तर घाट चढून, चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, डिंभे करत करत दोनशेच्या वर किलोमीटर होतात. एस. टी.नं गेलात तर दिवस तिकडेच खर्ची घाला, कारण मधे मंचरला चहा असतो आणि चालकाची तल्लफ कोणत्याही नकाशात दाखवलेली नसते. तिसरा मार्ग कर्जतकडून खांडसला जाऊन शिडीघाटानं किंवा गणपतीच्या घाटानं वर चढायचा. शिडीघाटाला शिडी आहे एवढं सांगितलं म्हणजे पुरे. तिथं अंतर पायऱ्यांत मोजतात आणि वेळ देवाचं नाव किती वेळा घेतलं यावर.

म्हणजे एकच जागा सत्तर किलोमीटरवरही आहे आणि सव्वादोनशेवरही. माणसाचं एक वेळ सोडून द्या, पाण्यानं तरी शहाणं असावं? भीमाशंकरच्या कड्यावर उभं राहिलं की पश्चिमेला खाली कोकण दिसतं. पाऊस उघडला असला तर संध्याकाळी क्षितिजावर जी चकाकी दिसते, ती समुद्राचीच आहे असं बरोबरचा कोणी तरी पैजेवर सांगतो. त्या पावसाचा जो थेंब कड्याच्या पलीकडे पडला, तो दोन दिवसांत अरबी समुद्रात. आणि जो चार पावलं अलीकडे पडला तो भीमेत. ती भीमा समुद्राकडे पाठ करून निघते, पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा होते, आठशे साठ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते, आणि मग कृष्णेचं बोट धरून आंध्रात बंगालच्या उपसागराला पोचते. दाराशी समुद्र असताना अख्खं द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्या समुद्राला जाणारी ही नदी खास आपली आहे. आमच्याकडेही शेजारच्या दुकानात मिळणारी कोथिंबीर मंडईतून आणणारे आहेत.

भीमाशंकरच्या बाबतीत अंतराचा दुसरा एक घोळ आहे आणि तो साधासुधा नाही. बारा ज्योतिर्लिंगांतलं भीमाशंकर हे आमचंच, याबद्दल पुणे जिल्ह्यात दुमत नाही. पण आसामात गुवाहाटीजवळच्या डोंगरात एक भीमेश्वर आहे आणि ते खरं भीमाशंकर अशी तिकडची श्रद्धा आहे. पुराणातल्या कथेत कामरूपाचा उल्लेख येतो, त्यावर त्यांचा भर. २०२३ सालच्या महाशिवरात्रीच्या तोंडावर आसाम सरकारनं तशी जाहिरात दिली, तेव्हा महाराष्ट्रात सर्वपक्षीय एकमत झालं. असं एकमत आपल्याकडे इतर कोणत्या विषयावर झाल्याचं मला आठवत नाही. पुराणकारांनी त्या वेळी नुसते अक्षांश-रेखांश लिहून ठेवले असते तर केवढा त्रास वाचला असता! पण देवाच्या पत्त्याला पिनकोड नसतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते गुवाहाटीचा विमानतळ हे हवाई अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर, आणि विमान थेट गेलं तर वेळ पावणेतीन-तीन तास. ज्याला शंका असेल त्यानं सकाळी एका भीमाशंकराला अभिषेक करून रात्री दुसऱ्यापाशी पोचावं. खरा अडसर विमानाचा नाहीच. भीमाशंकर ते लोहगाव या सव्वाशे किलोमीटरला चाकणच्या चौकात जो वेळ लागेल, त्यात विमान गुवाहाटीला जाऊन परत फिरलेलं असेल.

या चाकणवरून आठवलं. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकणला होणार होता, मग खेडला, मग पुरंदरला. जमिनीवर न उतरता इतकी वर्षं हवेत फिरणारा विमानतळ जगात दुसरा नसावा.

भीमाशंकरला लांबून आलेली आणखी एक वस्तू आहे. देवळासमोर टांगलेली मोठी घंटा. ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा अशा घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि त्यांतल्या काही इकडच्या देवळांत वाहिल्या गेल्या. वसई ते भीमाशंकर हवेतून ऐंशी किलोमीटर, पण घंटा हवेतून आलेली नाही. ती घाट चढवून आणणाऱ्यांनी कोसांचा काय हिशेब केला असेल, आणि वाटेत भेटलेल्या कोणी 'हे काय, आलंच' म्हटल्यावर त्याला काय ऐकवलं असेल, याची बखरीत नोंद नाही. बखरकार तेवढा सभ्य होता.

अंतर ही मोजायची गोष्ट आहे, सांगायची नव्हे, हे आपल्याला शिकवायला एक इंग्रज यावा लागला. कर्नल विल्यम लॅम्टननं १८०२ साली मद्रासजवळ साखळी जमिनीवर अंथरून साडेसात मैलांची एक रेघ मोजली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तो डोंगरावर चढवायचा, कोन मोजायचा, उतरवायचा आणि पुढच्या डोंगरावर चढवायचा. असं वीस वर्षं. १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याला मृत्यू आला. तोवर वय सत्तरीला आलं होतं आणि हिमालय अजून खूप दूर होता. पुढचं काम ज्यानं केलं त्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्टन हिंगणघाटात राहिला. मोजणाऱ्याच्या वाट्याला हे असंच येतं.

पण त्यानंतर 'किती लांब' याचं उत्तर वादाचं राहिलं नाही. 'किती वेळ' याचं उत्तर मात्र पिढीगणिक बदलत गेलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. मला या सगळ्या प्रवासात ती बैलगाडी फार आवडते. गाडीवानानं बैलांना 'आटपा, विमान खोळंबलंय' असं सांगितलं असेल आणि ते ऐकून बैलांनी चालीत तसूभरही फरक केला नसेल. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० साली बोइंग ७०७ आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची फेरी सुरू झाली. जेट आल्यावर तास निम्म्यावर आले. ज्या अंतराला मागच्या पिढीनं बोटीचे पंधरवडे दिले, ते आता दोन जेवणं आणि एक डुलकी एवढं झालं.

आणि इथं मला जरा थांबणं भाग आहे. कारण वेग वाढला की 'आलंच, दहा मिनिटं' या वाक्याची किंमतही वाढते.

१९६२ च्या जुलै महिन्यात इटलीच्या अलितालिया कंपनीचं एक डीसी-८ जातीचं जेट सिडनीहून रोमला निघालं होतं. वाटेत डार्विन, सिंगापूर, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान. आपली लांब पल्ल्याची एस. टी. जशी थांबे घेत जाते तसंच, फक्त थांब्याथांब्यात देश बदलायचा. बँकॉक ते मुंबई हा टप्पा सुमारे तीन हजार किलोमीटरचा, म्हणजे अशा जेटला साडेतीन तासांच्या आत-बाहेरचा. घड्याळाची गंमत अशी की बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे साडेतीन तास उडून मुंबईत उतरणाऱ्याला मनगटावर फक्त दोनच तास गेलेले दिसायचे. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून ९४ माणसं होती. महिना आषाढ, शुद्ध पक्ष. चंद्रकोर मावळून गेलेली. घाटमाथ्यावर आषाढातली रात्र कशी असते ते जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

आता पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्याला सह्याद्री कसा भेटतो ते पाहा. कोकणातून बघणाऱ्याला तो भिंतीसारखा उभा दिसतो. शाळेच्या पुस्तकातलं चित्र कोकणातूनच काढलेलं असतं. देशावरून येणाऱ्याला भिंत दिसतच नाही. जमीनच मुळात दोन हजार फुटांवर असते, ती पश्चिमेकडे सरकत सरकत आणखी वर चढते, आणि जिथं संपते तिथंच सगळ्यांत उंच असते. जुन्या वाड्याच्या दिंडीचा उंबरठा जसा असतो तसा हा देशाचा उंबरठा. तो ओलांडला की मग एकदम खाली कोकण, आणि कोकण संपता संपता मुंबई. म्हणून पूर्वेकडून येणाऱ्यानं उंची सोडायची ती उंबरठा ओलांडल्यावर. ओलांडला आहे अशी पुरती खात्री झाल्यावर.

त्या वैमानिकाला वाटलं आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत. प्रत्यक्षात मुंबई अजून ८४ किलोमीटर लांब होती. उतरत्या विमानाच्या वेगानं हा दहाएक मिनिटांचा फरक. त्यानं उंची सोडायला सुरुवात केली. मध्यरात्र उलटून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे ७ जुलै लागला होता. जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर, सुमारे ३,६०० फूट उंचीवर, विमान आदळलं. ९४ पैकी एकही वाचला नाही.

चौकशीत जी कारणं निघाली ती शांतपणे वाचावीत अशी आहेत. आपण नेमके कुठं आहोत हे ताडून पाहायची जी साधनं हाताशी होती, त्यांचा वापर झाला नाही. त्या भागासाठी ठरवून दिलेली कमीत कमी सुरक्षित उंची मोडली गेली. आणि तिसरं, वैमानिकाला या मार्गावरच्या जमिनीची ओळख नव्हती. इंजिनं ठीक होती. तीन हजार किलोमीटरचं अंतर आणि साडेतीन तासांचा वेळ हे दोन्ही आकडे कागदावर बरोबर होते. चुकला तो शेवटचा, एवढासा भाग. त्या विमानाच्या दृष्टीनं जुन्नर हे गावच नव्हतं. सिडनी ते रोम या रेघेवर ते कुठंही लिहिलेलं नव्हतं.

आणि गाव तर केवढं जुनं! दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल नाणेघाटानं याच जुन्नरला चढत होता. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे आणि त्या लेखात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्या देशातल्या अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत ते मोडतात. शेजारी तो प्रसिद्ध दगडी रांजण, जकातीचा म्हणतात तो. म्हणजे इथून जाणाऱ्या प्रत्येकानं थांबायचं, आपण कोण, कुठून आलो हे सांगायचं, आणि मगच पुढं जायचं, असा या डोंगराचा फार जुना नियम होता.

याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या खोऱ्यांतली माणसं मुंबईला जाऊन डबे पोचवू लागली त्याला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली. अंधेरीच्या तिसऱ्या मजल्यावरचा डबा फोर्टातल्या चौथ्या मजल्यावर एकच्या ठोक्याला. त्यांच्या हिशेबात 'आलोच' हा शब्द नाही. डब्याच्या झाकणावर खूण असते आणि ती खूण प्रत्येक स्टेशनावर दुसरा माणूस पुन्हा बघतो. आधीच्यानं बघितली आहे म्हणून कोणी सोडून देत नाही. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पंडितांनी त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यातलं एवढंच उमगलं, आणि ते उमगलं की जुलै १९६२ ची ती रात्र अधिकच लागते.

साडेतीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, आपलं बोइंग ७०७ 'कांचनगंगा' मुंबईहून लंडनला जाताना जिनिव्हाच्या आधी माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. तिथंही वैमानिकाचा समज असा झाला की पर्वत मागे पडला, आता उतरायला हरकत नाही. जमिनीवरून रेडारवाल्यानं सांगितलं होतं की पर्वत अजून पाच मैलांवर आहे. सांगणाऱ्याचं 'अजून पाच मैल' ऐकणाऱ्याला तसं ऐकू गेलं नाही. इटलीचं विमान आमच्या डोंगरावर, आणि आमचं विमान इटलीच्या सरहद्दीवरच्या डोंगरावर. दोन्हीकडे डोंगर तिथल्या माणसाला पाठ होता आणि येणाऱ्याला परका होता.

या जातीचे अपघात तेव्हा जगभर होत होते. विमान धडधाकट, वैमानिक अनुभवी, आणि समोर जमीन. त्यावर डॉन बेटमन नावाच्या मूळच्या कॅनेडियन इंजिनिअरनं एक यंत्र काढलं. विमान आणि खालची जमीन यांच्यातलं अंतर भलत्या वेगानं कमी होऊ लागलं की ते यंत्र कॉकपिटमध्ये ओरडतं, 'वर घ्या, वर घ्या'. अर्थात इंग्रजीत. आपल्याकडे हे काम आया करत आल्या, 'अरे, पुढं बघ, पुढं!' फरक इतकाच की आईचं ऐकलं नाही तर गुडघा फुटतो. अमेरिकेनं १९७५ च्या सुमारास मोठ्या विमानांत ते सक्तीचं केलं आणि हळूहळू इतर देशांनीही. पण पहिलं यंत्र फक्त पायाखाली बघायचं. समोर एकदम कडा आला तर त्याला उशिरा कळायचं, आणि सह्याद्रीचं सगळं कसब समोर एकदम येण्यातच आहे. १९९० नंतरच्या दशकात मग जगाच्या जमिनीचा नकाशाच त्या यंत्रात घातला गेला, उंचीच्या आकड्यांसकट. आता वैमानिक कोणत्याही देशाचा असो, त्यानं जुन्नरचं नाव कधी ऐकलेलं असो वा नसो, त्याच्यासमोरच्या काचेवर दवंड्याचा डोंगर असतो, ढाकोबा असतो, भीमाशंकरचा कडा असतो, आणि विमान फार खाली आलं तर ते तांबडे होतात.